तोलामोलाची जोड : मुलाचं उत्तर आणि प्रश्नाची ताकद

मागच्या वर्षी आमच्या केंद्रातल्या काही शाळांनी मिळून शिष्यवृत्तीची सराव परीक्षा घेतली. साठ उत्तरपत्रिका जमल्या. तपासून झाल्यावर मी आणि एक सहकारी मॅडम शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. गुणांच्या उतरत्या क्रमानं तीन गठ्ठे लावले: वरचे वीस, मधले वीस, खालचे वीस. मधला गठ्ठा बाजूला सारला. मग एकेक प्रश्न घ्यायचा आणि वरच्या गठ्ठ्यात किती जणांचा बरोबर, खालच्यात किती जणांचा, याच्या रेघा मारत जायचं, असं सुरू केलं. बी.एड.ला हे सगळ्यांनी एकदा केलेलं असतं. नंतर कोणी करत नाही, कारण निकालपत्रक भरण्यातच दिवस जातो.

विसेक प्रश्न झाले असतील. मॅडम थांबल्या.

"सर, हे पाहा बरं. या प्रश्नात हुशार पोरं चुकली अन् कच्ची बरोबर आली."

प्रश्न असा होता. खिडकीसारखा एक चौरस, मधून एक आडवी रेघ, एक उभी रेघ, त्यामुळं आत चार सारखी तावदानं. आकृतीत एकूण किती आयत आहेत? पर्याय ४, ५, ८ आणि ९. उत्तरसूचीत ४ दिलं होतं. प्रश्न काढणाऱ्यानं चौरस वगळून दोन आडवे आणि दोन उभे असे चार आयत मोजले होते. वरच्या गठ्ठ्यातल्या बहुतेकांनी मात्र नऊ मोजले: चार तावदानं, दोन आडव्या जोड्या, दोन उभ्या जोड्या आणि अख्खी खिडकी. प्रत्येक चौरस हा आयतच असतो, हे वर्गात आम्हीच शिकवलेलं. खालच्या गठ्ठ्यातल्या मुलांना चार तावदानं दिसली, त्यांनी चारचा गोल काळा केला. ज्याला येत होतं त्याचे दोन गुण गेले, आणि ज्यानं नुसतं पाहिलं त्याला ते मिळाले.

त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून वाटतं. पेपर तपासताना आपण मुलाची परीक्षा घेतो, पण प्रत्येक उत्तर ही त्या प्रश्नाचीही परीक्षा असते, आणि तिचा निकाल आपण कधी लावतच नाही. हा निकाल पद्धतशीर लावण्याचं एक शास्त्र आहे. त्याला आयटम रिस्पॉन्स थिअरी म्हणतात. मराठीत प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्त म्हणता येईल. जगभरातल्या मोठ्या परीक्षा आणि सर्वेक्षणं आज त्याच्यावर उभी आहेत. नाव जड आहे, पण आतली कल्पना जत्रेतल्या आखाड्यात उभ्या राहिलेल्या कोणालाही कळेल अशी आहे.

आधी साध्या गुणांचं काय बिघडतं ते पाहू. समजा अंबडच्या एका शाळेत एका मुलीला २० पैकी १४ मिळाले आणि गेवराईच्या एका मुलाला वेगळ्या पेपरात २० पैकी ११. कोण पुढं? सांगता येत नाही. अंबडचा पेपर सोपा असेल, गेवराईचा अवघड असेल. बरं, पेपर अवघड होता हे कशावरून म्हणायचं? मुलांना कमी गुण पडले म्हणून. आणि मुलं कच्ची होती हे कशावरून? तेही कमी गुण पडले म्हणूनच. एकाच आकड्यात मुलगा आणि प्रश्न दोघंही कालवलेले असतात. 'या प्रश्नाची काठिण्यपातळी ६० टक्के', म्हणजे शंभरातल्या साठ जणांना तो आला, असं आपण लिहितो, तेव्हा तो आकडा फक्त त्या साठ मुलांपुरता खरा असतो. तोच प्रश्न दुसऱ्या वर्गात नेला की आकडा बदलतो.

आता आखाडा. आपल्याकडे जत्रेत कुस्त्या रेवड्यांवर सुरू होतात. चिल्लीपिल्ली आधी, मग नारळावरच्या, मग हळूहळू इनाम वाढत जातं आणि दिवस मावळताना शेवटची मोठी कुस्ती. कोणी जिंकलं एवढ्यावर तिथं कोणी खूश होत नाही. कोणाला हरवलं, हे आधी विचारतात. दहा पोरांना चीतपट केलेला गडी आणि दोनच कुस्त्या मारलेला गडी यांत दुसरा भारी असू शकतो, कारण त्याच्या जोडी तगड्या होत्या. पंचांचं सगळं कसब जोड लावण्यात असतं. जोड तोलामोलाची असली की निकाल आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच त्या कुस्तीतून दोघांचं खरं पाणी कळतं.

मूल आणि प्रश्न ही अशीच एक जोड आहे. प्रत्येक प्रश्नाला एक ताकद, प्रत्येक मुलाला एक ताकद, आणि दोन्ही एकाच पट्टीवर मोजायच्या. डेन्मार्कचे गणिती गेओर्ग राश यांनी ही कल्पना पक्क्या सूत्रात बसवली. ते वाचनात मागं पडलेल्या मुलांच्या चाचण्यांवर काम करत होते, आणि १९६० साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक कोपनहेगनला निघालं. सूत्राचा गाभा एका वजाबाकीत आहे: मुलाच्या ताकदीतून प्रश्नाची ताकद वजा करा. उत्तर शून्य आलं, म्हणजे जोड बरोबरीची असली, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के. मूल एका मापानं वरचढ असेल तर ७३ टक्के, दोन मापांनी वरचढ असेल तर ८८, तीन मापांनी ९५. मूल एका मापानं कमी पडलं तर २७ टक्के, दोन मापांनी कमी पडलं तर १२.

या मापाला लॉजिट म्हणतात. एक लॉजिट वर चढलं की बरोबर आणि चूक यांचं गुणोत्तर साधारण २.७२ पटींनी वाढतं. बरोबरीला ते एकास एक होतं. एक लॉजिटला २.७२ ला १, दोन लॉजिटला ७.३९ ला १. यात एक गोष्ट मला फार आवडते. कितीही हुशार मूल घ्या, शक्यता ९५, ९८, ९९ होत जाते, पण १०० कधीच होत नाही. आणि कितीही कच्चं मूल घ्या, शून्यही कधी होत नाही. आलेख काढला तर तो खालून सपाट निघतो, मध्ये चढ घेतो आणि वर पुन्हा सपाट होतो. पावसाळ्यात नदीच्या काठाला जसा उतार असतो, तसा. मधला चढाचा भाग हाच तोलामोलाच्या जोडीचा भाग.

आता प्रश्न येतो की आखाड्यात आलेल्या गड्याची ताकद आधी कोणाला माहीत असते? मुलाची ताकद माहीत नाही, प्रश्नाचीही नाही, मग वजाबाकी करायची कशातून? यावरचा उपाय उलटा विचार करण्यात आहे. 'कोणती ताकद धरली तर हा आपल्यासमोरचा निकाल लागण्याची शक्यता सर्वात जास्त?' असं विचारायचं.

एक छोटं उदाहरण हातानं करून पाहू. तीन प्रश्न, त्यांच्या ताकदी उणे १, शून्य आणि १. म्हणजे एक सोपा, एक मधला, एक अवघड. एका मुलीचे पहिले दोन बरोबर आले, तिसरा चुकला. तिची ताकद शून्य धरली, तर पहिला बरोबर येण्याची शक्यता ०.७३, दुसरा बरोबर येण्याची ०.५०, तिसरा चुकण्याची ०.७३. तिन्हींचा गुणाकार सुमारे ०.२७. ताकद १ धरली तर ०.८८ गुणिले ०.७३ गुणिले ०.५०, म्हणजे ०.३२. ताकद २ धरली तर गुणाकार पुन्हा उतरतो, ०.२३ होतो. म्हणजे शिखर एकच्या आसपास कुठंतरी आहे. बारीक शोधलं तर ते ०.८ वर सापडतं. झाला तिचा अंदाज. खऱ्या परीक्षेत प्रश्नांच्या ताकदीही अशाच शोधायच्या असतात, मग संगणक एकदा मुलांचे आकडे सुधारतो, एकदा प्रश्नांचे, आणि दोन्ही स्थिर होईपर्यंत फिरत राहतो.

तीन प्रश्नांवरून काढलेला अंदाज अर्थात फार ढिला असतो, आणि हा ढिलेपणाही ही पद्धत आकड्यात सांगते. ०.८ च्या सोबत ती 'यात एवढं मागंपुढं होऊ शकतं' असंही सांगते. आपल्या प्रगतिपुस्तकावर ६२ टक्के लिहिलेलं असतं, त्याच्या पुढं असं काहीच लिहिलेलं नसतं. पालक ६२ आणि ६४ मध्ये फरक पाहतात आणि घरी पोराला बोलणी बसतात.

राशच्या सूत्रात प्रश्नाचा एकच गुणधर्म आहे, तो किती अवघड. पण प्रश्नांचे स्वभाव वेगळे असतात. काही प्रश्न येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला लख्ख वेगळं करतात. त्यांच्या आलेखाचा चढ उभा असतो. काही प्रश्न भिजलेल्या वातीसारखे, कोणालाच नीट वेगळं करत नाहीत. या चढाला भेदनक्षमता म्हणतात. अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५२ पासून या दिशेनं पाया घातला, आणि १९६८ साली लॉर्ड आणि नोव्हिक यांच्या ग्रंथात ॲलन बर्नबॉम यांनी चढ आणि अंदाजपंचे उत्तर या दोन्ही गोष्टी सूत्रात आणल्या. आमच्या खिडकीच्या प्रश्नाचा चढ उलटा होता: ताकद वाढेल तसं 'बरोबर' येण्याचं प्रमाण घटत जायचं. असं दिसलं की डोळे झाकून आधी उत्तरसूची तपासायची, मग प्रश्नाची भाषा. मुलांवर शंका सगळ्यात शेवटी.

अंदाजपंचे उत्तराचं महत्त्व आपल्याकडे फार कमी ओळखलं जातं. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण, चार पर्याय आणि चुकीला वजावट नाही. प्रश्न न वाचता नुसते गोल काळे केले तरी सरासरी १८ ते १९ प्रश्न बरोबर येतात, म्हणजे सदतीस-अडतीस गुण. त्यामुळं ३५ गुण मिळवणाऱ्या मुलाला 'थोडं येतं' म्हणणं ही आपलीच फसगत आहे. काठिण्य, चढ आणि अंदाजपंचे उत्तर अशा तीन गुणधर्मांच्या सूत्रात आलेखाचा तळ शून्याला न टेकता ०.२५ च्या आसपास टेकवतात, तो याचसाठी. पण तो नेमका पाव असतोच असं नाही. पर्याय चांगले लिहिलेले असतील तर न येणारं मूल हमखास त्या फसव्या पर्यायाकडं ओढलं जातं आणि तळ पावच्याही खाली जातो.

फसवा पर्याय म्हणजे काय, ते दशांशात छान दिसतं. ०.७५ मोठा की ०.५? पाचवीतला जवळजवळ प्रत्येक जण बरोबर सांगतो. आता विचारा, ०.३५ मोठा की ०.५? निम्मा वर्ग गडबडतो. कारण आपण फळ्यावर लिहिताना 'शून्य पूर्णांक पस्तीस' असं वाचतो, आणि पस्तीस पाचपेक्षा मोठेच. 'तीन पाच' असं सुटं वाचलं पाहिजे, हे माहीत असूनही जिभेवर पस्तीसच येतं. पहिल्या प्रश्नात चुकीच्या समजुतीनंही बरोबर उत्तर येतं, म्हणून त्याचा चढ मेलेला. दुसऱ्या प्रश्नात समजूत उघडी पडते, म्हणून त्याचा चढ जिवंत. दोन्ही प्रश्न वरून पाहिले तर जुळे भाऊ वाटतात. उत्तरपत्रिकांची आकडेमोड केल्याशिवाय त्यांतला फरक अनुभवी शिक्षकालाही हमखास दिसेल असं नाही. मला बरीच वर्षं दिसला नव्हता.

एकदा मुलं आणि प्रश्न एका पट्टीवर आले की पुढची बरीच कामं सोपी होतात. अंबड आणि गेवराईच्या पेपरांत पाच-सहा प्रश्न सामाईक ठेवले, तर त्या खुंट्यांवरून दोन्ही पेपर एका पट्टीला बांधता येतात आणि १४ व ११ ची खरी तुलना होते. २००० सालापासून होणाऱ्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत सगळ्या मुलांना सगळे प्रश्न देतच नाहीत. वेगवेगळे प्रश्नसंच देतात आणि सामाईक प्रश्नांवरून सगळं जोडतात. पट्टी तयार असली की संगणकावर पंचांसारखी जोडही लावता येते: बरोबर आलं तर पुढचा प्रश्न जरा तगडा, चुकलं तर जरा हलका. परदेशात उच्च शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या जीमॅट, जीआरई अशा परीक्षा या तत्त्वावर चालतात; जीआरईत फक्त एकेका प्रश्नाऐवजी पुढचा अख्खा विभाग तगडा किंवा हलका होतो. लहान पोराला शेवटच्या कुस्तीत उतरवून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही आणि मोठ्या मल्लाला रेवडीवर लढवूनही नाही, एवढंच ते तत्त्व.

लातूर-नांदेडकडच्या पालकांना इथं पर्सेंटाइल आठवेल. जेईई मेन किंवा आपली एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. तो वेगळा मार्ग आहे. तुमच्या सत्रात बसलेल्यांपैकी किती टक्के तुमच्या बरोबरीला किंवा खाली आहेत, एवढंच पर्सेंटाइल सांगतो. सकाळच्या आणि दुपारच्या सत्रातली मुलं एकूणात सारख्याच तयारीची आहेत, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. लाखो मुलं कशीही विखुरली की ते बऱ्यापैकी खरं ठरतं. प्रश्नाची ताकद मात्र त्यात कुठंच मोजली जात नाही.

या शास्त्राचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम वेगळंच आहे. एखादा प्रश्न एखाद्या गटावर अन्याय करतो का, हे त्यानं पकडता येतं. एक शाब्दिक उदाहरण घ्या: 'मोंढ्यावर रामरावांनी सोयाबीनचे ६० किलोचे सात कट्टे नेले, एकूण वजन किती?' आपल्या पोरांना यात अडखळायला जागाच नाही. मुंबईच्या मुलाला मोंढा म्हणजे शेतमालाचा बाजार हे माहीत नाही, आणि कट्टा म्हणजे पोतं नव्हे, तर त्याच्या लेखी मित्रांसोबत गप्पा मारत बसायची जागा. त्याला गुणाकार येतो, पण प्रश्न कळत नाही. उलट, लोकलच्या वेळापत्रकावरचा प्रश्न आपल्या तांड्यावरच्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलीसमोर ठेवला, तर ती आधी धीमी आणि जलद म्हणजे काय यातच अडकते. नुसतं 'मुंबईची इतकी टक्के बरोबर, बीडची इतकी' यावरून अन्याय सिद्ध होत नाही. दोन्ही गटांच्या तयारीतच फरक असू शकतो. म्हणून सारख्याच ताकदीची मुलं दोन्हीकडून निवडायची आणि विचारायचं, यांची या एका प्रश्नावर गत वेगळी का? बाकी सगळ्या प्रश्नांवर ती बरोबरीची आहेत, इथंच एका गटाचा पाय घसरतो, मग दोष प्रश्नाच्या भाषेत किंवा संदर्भात आहे. राज्यभर एकच पेपर काढणाऱ्यांनी ही तपासणी न चुकता करावी असं मला मनापासून वाटतं.

पद्धतीला मर्यादा आहेत. एका उताऱ्यावर पाच प्रश्न असले आणि उताराच कळला नाही, तर पाचही एकदम जातात; त्यांना पाच स्वतंत्र कुस्त्या समजणं चूक. मुलं पुरेशी लागतात: राशच्या साध्या सूत्रासाठी शंभर-दोनशे, तीन गुणधर्मांच्या सूत्रासाठी हजाराच्या आसपास, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. एका वर्गाच्या तीस मुलांवर ही सूत्रं चालवू नयेत. आपण वर्गात गठ्ठ्यांची पद्धत वापरावी, आणि केंद्र किंवा तालुका पातळीवर सगळे गुण एकत्र झाले की 'आर' नावाच्या फुकट संगणक-प्रणालीत पुढची आकडेमोड करावी. गणिताची आवड असलेला एखादा तरुण शिक्षक सुट्टीत ती शिकू शकतो. अट एकच: गुणांची बेरीज न भरता प्रत्येक प्रश्नाचं बरोबर-चूक नोंदवायचं. आपण नेमकं तेच फेकून देतो.

सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे एका मुलाला एकच आकडा. इथं मला त्याच साठांतली एक उत्तरपत्रिका आठवते. तिचा क्रमच उलटासुलटा होता. मोठ्या संख्यांवरचे, चारही क्रियांचे अवघड प्रश्न बरोबर. अपूर्णांकांची साधी बेरीज, दशांश, परिमिती, सगळं चूक. सूत्र अशा पत्रिकेवर बोट ठेवतं: सोपं चुकतं आणि अवघड येतं, काहीतरी बसत नाही. पुस्तकात अशा वेळी नक्कल किंवा अंदाजपंचे गोळ्या मारल्याचा संशय घ्यायला सांगतात. आम्ही हजेरी काढून पाहिली. दिवाळी झाली आणि आई-वडिलांच्या कोयत्यासोबत पोरगी ऊसतोडीला कारखान्यावर गेली होती, ती फेब्रुवारीत आजीकडं परतली. अवघड प्रश्न दिवाळीआधी शिकवलेले होते, सोपे प्रश्न ती नसताना.

तिची बेरीज वर्गाच्या सरासरीखाली होती, आणि निकालपत्रकात तेवढंच गेलं असतं. आम्ही दोघांनी तिच्या चुकलेल्या प्रश्नांसमोर धडा शिकवल्याच्या तारखा लिहिल्या. एक प्रश्न सोडला तर सगळ्या तारखा ती गावात नसतानाच्या निघाल्या. तो एक प्रश्न खिडकीचा होता. तिनं नऊ लिहिले होते.